नॅसच्या वेब पानावरून पुन्हा पुन्हा लॉगआउट होणे : कारण शोधण्याची रीत

सदाशिव पेठेतील एका प्रकाशनसंस्थेच्या संगणकांची आणि साठवणुकीची व्यवस्था मी पाहतो. तिथे एकाच कंपनीचे दोन नॅस आहेत, म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सर्वांना वापरता येणारी साठवणुकीची यंत्रे. एकावर चालू कामाच्या फायली असतात, म्हणजे लेख, मुद्रितशोधनाच्या प्रती, मुखपृष्ठे आणि छपाईला जाणाऱ्या पीडीएफ. दुसऱ्यावर पहिल्याचा रोजचा बॅकअप पडतो. कार्यालयात पाच-सहा माणसे बसतात, दोन मुद्रितशोधक घरून काम करतात आणि धायरीच्या छापखान्यात अंतिम फायली उतरवून घेतल्या जातात. कार्यालयातले लोक नॅस थेट नेटवर्क ड्राइव्ह म्हणून वापरत, तर बाहेरची मंडळी ब्राउझरमधून नॅसचे वेब पान उघडून काम करीत. गणपती उठले की दिवाळी अंकांची घाई सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तक्रार आली : काम करता करता पान अचानक लॉगिनवर परत जाते, चढत असलेली फाइल अर्धवट राहते आणि पासवर्ड पुन्हा घालावा लागतो.

“अहो, आत्ता तर पासवर्ड घातला होता. पुन्हा बाहेर काढलं बघा त्यानं,” कोथरूडहून मुद्रितशोधन करणारे काका फोनवर म्हणाले. दुसऱ्या दिवशी छापखान्यातूनही तोच सूर ऐकू आला.

माझा पहिला उपाय बहुतेकांचा असतो तोच होता. सेटिंगमध्ये लॉगआउटची वेळ १५ मिनिटे होती. ती मी ६० केली, फरक पडला नाही म्हणून २४० केली. तक्रारी तेवढ्याच राहिल्या. म्हणजे चार तास कोणीही उठून गेले तरी पान उघडे राहील इतकी ढिलाई मी करून ठेवली, आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहिले. ही चूक माझी होती, आणि ती इतकी सर्रास होते की पुढचे सगळे सविस्तर लिहावेसे वाटले. लॉगआउट होणे हे लक्षण आहे. त्यामागे किमान पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात आणि टाइमरचा आकडा त्यातल्या एकाच कारणावर चालतो. म्हणून सेशन कोणी संपवले हे आधी ठरवावे आणि मगच सेटिंगला हात लावावा.

सेशन म्हणजे नेमके काय, हे डोळ्यांपुढे आणले की कारणे आपोआप सुटी होतात. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात त्या एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते. प्रत्येक क्लिक सर्व्हरच्या लेखी नवीनच असते. म्हणून लॉगिन झाल्यावर नॅस ब्राउझरला अक्षरांची एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारी ओळ देतो आणि ब्राउझर ती कुकी म्हणून जपून ठेवून पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळतो तो बिल्ला समजा. नॅस आपल्या वहीत त्या बिल्ल्यापुढे वापरकर्त्याचे नाव, तो कोणत्या आयपी पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यावरून) आला आणि शेवटची विनंती किती वाजता आली, एवढे लिहून ठेवतो. यातले काहीही बिघडले तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच, लॉगिनचे पान. बिल्ला हरवला, दुसऱ्याच स्टँडचा बिल्ला हातात आला, आणणारा माणूस वेगळा वाटला, बिल्ल्याची मुदत संपली किंवा स्टँडवाल्याची वहीच पावसात भिजली, या पाच गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, पण चपला कोणत्याच वेळी मिळत नाहीत.

आठवडाभराची वही

टाइमर पुन्हा १५ वर आणून मी सर्वांना विनंती केली की आठवडाभर प्रत्येक लॉगआउटची नोंद ठेवा : वेळ काय, कोणत्या जागेवरून, कोणत्या इंटरनेटवरून, शेवटची क्लिक कधी केली होती आणि त्या वेळी आणखी कोणती पाने उघडी होती. काकांनी पाठपोट कागदावर शाईच्या पेनाने रकाने आखून ही नोंद ठेवली. त्यांच्या एका दिवसाच्या ओळी अशा होत्या : सकाळी १०.४०, जेवायला उठलो होतो, दुपारी १२.०५, काम चालू असताना, बॅकअपमधून जुनी प्रत काढली, दुपारी ३.२०, चहा. छापखान्याच्या नोंदीत मात्र वेळांना काही ताळमेळच नव्हता. सात मिनिटांनी, चार मिनिटांनी, मग तासभर काही नाही, मग तीन मिनिटांनी. आणि गुरुवारी दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी सर्वांच्याच कागदावर एकाच वेळेची नोंद होती.

या नोंदी वाचण्याची एक सोपी रीत आहे. शेवटच्या क्लिकपासून दर वेळी ठरावीक मिनिटांनीच सेशन तुटत असेल, तर तो निष्क्रियतेचा टाइमर आहे. काम चालू असो वा नसो, लॉगिनपासून ठरावीक तासांनी तुटत असेल, तर ती सेशनची एकूण मुदत आहे. काही यंत्रांमध्ये ही मर्यादा निराळी ठेवलेली असते. ऐन कामात आणि वेळेचा कसलाही नेम नसताना तुटत असेल, तर आयपी पत्ता किंवा कुकी यांच्यावर संशय घ्यावा. सर्वांचे एकदम तुटत असेल, तर नॅसची सेवाच पुन्हा सुरू झालेली आहे. एकाच माणसाचे, त्याच्या एकाच ब्राउझरमध्ये तुटत असेल, तर त्या ब्राउझरची सेटिंगे पाहावीत : बंद करताना कुकी पुसण्याची खूण, किंवा गोपनीयतेसाठी घातलेले एखादे एक्स्टेंशन.

काकांच्या तीन नोंदींपैकी दोन, जेवणाची आणि चहाची, सरळ निष्क्रियतेच्या होत्या. १२.०५ ची वेगळी होती. तिच्याकडे मी पुढे येतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवणारी ओळ तीच ठरली.

छापखाना : एकाच माणसाचे दोन पत्ते

छापखान्याच्या नोंदी घेऊन मी नॅसचा कनेक्शन लॉग उघडला. बहुतेक नॅसमध्ये लॉगिन कोणी, किती वाजता आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून केले हे तिथे दिसते. छापखान्याचे एकच खाते ११ वाजून २ मिनिटांनी एका पत्त्यावरून, ११ वाजून ९ मिनिटांनी दुसऱ्या पत्त्यावरून आणि ११ वाजून १३ मिनिटांनी पुन्हा पहिल्या पत्त्यावरून लॉगिन झालेले होते. माणूस तोच, संगणक तोच, खुर्चीसुद्धा तीच.

कारण चौकशीत लगेच कळले. छपाईच्या हंगामात इंटरनेट बंद पडू नये म्हणून त्यांनी दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या आणि दोन्ही एका लोड बॅलन्सिंगच्या राउटरला जोडल्या होत्या. असा राउटर नवी जोडणी कधी या लाइनवर टाकतो, कधी त्या. बातम्यांचे पान वाचताना याचा काही त्रास होत नाही. नॅसला मात्र एकच बिल्ला कधी या पत्त्यावरून, कधी त्या पत्त्यावरून येताना दिसतो, आणि चोरलेली कुकी वापरणाऱ्या माणसाची चाल हुबेहूब अशीच असल्यामुळे नॅस ते सेशन बंद करतो. यंत्र आपले काम चोख करीत होते.

हाच प्रकार दुसऱ्या वाटांनीही घडतो. फोनच्या हॉटस्पॉटवरून वायफायवर गेले की पत्ता बदलतो. घरच्या जोडणीवर आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ या पत्त्यांच्या जुन्या-नव्या पद्धती दोन्ही चालू असतील आणि नॅसच्या नावाला दोन्ही प्रकारचे पत्ते लावलेले असतील, तर ब्राउझर कधी एकाने जातो, कधी दुसऱ्याने. शिवाय आयपीव्ही ६ मध्ये संगणक गोपनीयतेसाठी स्वतःचा तात्पुरता पत्ता मधूनमधून बदलतो, आणि तसे होणे योग्यच आहे.

यावर इंटरनेटवर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे आयपीची तपासणी बंद करणे. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरील डीएसएम या प्रणालीत ती वगळण्याची खूण कंट्रोल पॅनेलच्या सिक्युरिटी विभागात, लॉगआउट टाइमर असतो त्याच पानावर आहे. ती केली की तक्रार बंद होते, हे खरे आहे. पण ज्या नॅसचे वेब पान थेट इंटरनेटवर उघडे आहे, तिथे मी ही खूण करणार नाही. कुकी दुसऱ्याच्या हाती पडली तर तिचा वापर अडवणारा तो एक अडसर असतो, आणि सोयीसाठी तो काढून टाकणे मला पटत नाही. त्याऐवजी छापखान्याच्या राउटरमध्ये एक नियम घातला, की आपल्या नॅसच्या पत्त्याकडे जाणारी सगळी वाहतूक पहिल्याच लाइनने जाईल आणि ती बंद असेल तरच दुसरीने. अशा राउटरमध्ये याला पॉलिसी रूटिंग म्हणतात. काहींमध्ये स्टिकी किंवा परसिस्टंट सेशन अशा नावाने तयार पर्यायही असतो. नियम घातल्या दिवसापासून छापखान्याचा कागद कोरा राहिला.

१२.०५ ची ओळ

आता काकांची ती ओळ. “काम चालू असताना, बॅकअपमधून जुनी प्रत काढली.” त्यांच्या घरी एकच जोडणी, लॉगमध्ये एकच पत्ता, शेवटची क्लिक जेमतेम मिनिटभरापूर्वीची. टाइमरचा आणि आयपीचा दोन्ही संशय फिटला. उरला तो बॅकअपचा उल्लेख, आणि तो त्यांनी लिहिला नसता तर मी अजूनही टाइमरचे आकडे बदलत बसलो असतो.

मी त्यांच्या शेजारी बसून त्यांनी करावे तसे सगळे करून पाहिले. कार्यालयाला बाहेरून एकच नाव दिलेले होते. त्या नावापुढे ५००१ हा पोर्ट, म्हणजे आत येण्याच्या दाराचा क्रमांक, लावला की मुख्य नॅस उघडे आणि ५००२ लावला की बॅकअपचा. पहिल्या टॅबमध्ये मुख्य नॅसवर लॉगिन केले, दोन फोल्डर उघडले, सगळे सुरळीत. दुसऱ्या टॅबमध्ये बॅकअपवर लॉगिन केले, जुनी फाइल उतरवून घेतली, तेही सुरळीत. मग पहिल्या टॅबवर परत येऊन एका फोल्डरवर क्लिक केली आणि लॉगिनचे पान समोर आले. पुन्हा लॉगिन करून दुसऱ्या टॅबवर गेलो, तर आता तो बाहेर पडलेला. दोन्ही नॅस एकमेकांना हाकलत होते.

याचे कारण कुकीच्या नियमांतच आहे. कुकीचे आजचे वर्तन ज्या दस्तऐवजात सांगितले आहे, त्या २०११ च्या आरएफसी ६२६५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की कुकी पोर्टनुसार वेगळ्या राहत नाहीत. ब्राउझर कुकी ओळखतो ती तिचे नाव, यजमानाचे (म्हणजे पत्त्यातल्या यंत्राचे) नाव आणि मार्ग यांवरून. पुढचा पोर्ट ५००१ आहे की ५००२ हे तो पाहतच नाही. दोन्ही नॅस एकाच कंपनीचे, म्हणून दोघेही सेशनची कुकी एकाच नावाने ठेवतात. दुसऱ्याचा बिल्ला खिशात आला की पहिल्याचा बिल्ला तिथून निघून गेलेला असतो. कार्यालयात बसलेल्यांना हा त्रास कधीच झाला नाही, याचाही उलगडा यातच झाला : ते क्वचित वेब पान उघडत तेव्हा प्रत्येक नॅसच्या स्वतःच्या आतल्या आयपी पत्त्याने उघडत, आणि दोन वेगळे पत्ते म्हणजे ब्राउझरच्या लेखी दोन वेगळे यजमान.

तुमच्याकडे एका नावामागे दोन यंत्रे असतील, मग दुसरे यंत्र नॅस असो, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असो की राउटरचे पान असो, तर ही चाचणी आधी करावी. दुसरे यंत्र खासगी विंडोत उघडावे; तिची कुकींची थैली वेगळी असते. तेवढ्याने दोन्ही सेशन टिकली, तर निदान पक्के. कायमचा उपाय एकच आणि फुकटचा आहे : प्रत्येक यंत्राला स्वतंत्र उपनाव द्यावे आणि बुकमार्क त्या नावांनीच करावेत.

कुकीशी संबंधित आणखी एक प्रकार इथेच सांगतो. पासवर्ड बरोबर असतो, चूक दाखवणारा संदेशही येत नाही, आणि पान फक्त पुन्हा लॉगिनवर येते. असे होत असेल तर बुकमार्क एचटीटीपीचा जुना आहे का ते पाहावे. एचटीटीपीएसवर, म्हणजे एचटीटीपीच्या सुरक्षित रूपावर, ठेवलेली सुरक्षित खुणेची कुकी एचटीटीपीवर पाठवली जात नाही, आणि आजचे ब्राउझर असुरक्षित पानाला त्याच नावाच्या सुरक्षित कुकीवर लिहूही देत नाहीत. नॅसमध्ये एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर आपोआप वळवण्याची खूण करावी, जुने बुकमार्क पुसावेत आणि त्या नावाच्या कुकी एकदा साफ कराव्यात.

गुरुवारची दुपार

सर्वांच्या कागदावरची ती एकसारखी वेळ पाहून कोणत्याही पुणेकराला कारण सुचेल. पुण्यात विजेची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी काढतात. कार्यालयात वीज गेली, यूपीएसची बॅटरी जुनी झालेली होती आणि तिने दहा मिनिटेही तग धरला नाही; नॅस बंद पडून पुन्हा सुरू झाला. अनेक यंत्रे सेशनची वही स्मृतीत ठेवतात किंवा पुन्हा सुरू होताना मुद्दाम पुसतात, त्यामुळे सर्वांना नव्याने लॉगिन करणे भाग पडते. यात सेटिंगचा दोष नाही. बॅटरी बदलली आणि नॅसला यूपीएसशी यूएसबी केबलने जोडले, म्हणजे वीज फार वेळ गेली तर तो फायली नीट मिटवून स्वतः बंद होईल. सेशन तुटणे ही इथली सर्वांत लहान हानी होती. लिहिणे चालू असताना अचानक वीज जाणे डिस्कसाठी कितीतरी वाईट.

विजेनंतर घड्याळही तपासावे. आतल्या घड्याळाची लहान बॅटरी संपलेली असेल, तर सुरू होताना नॅस भलत्याच जुन्या तारखेवर असतो आणि इंटरनेट येईपर्यंत तिथेच राहतो. तेवढ्या वेळात ब्राउझर आणि नॅस यांचे कुकीच्या मुदतीबद्दल एकमत होत नाही, आणि दुहेरी पडताळणीचे सहा आकडी कोडही नाकारले जातात, कारण ते कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतात आणि दोन्ही बाजूंची घड्याळे जुळण्यावरच अवलंबून असतात. वेळ एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरच्या घड्याळावरून, आपोआप जुळत आहे आणि वेळेचा पट्टा भारताचा म्हणजे ५ तास ३० मिनिटांचा आहे, हे पाहून घ्यावे.

मध्ये प्रॉक्सी असेल तर

आमच्याकडे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरची विनंती आधी घेऊन नॅसकडे पोहोचवणारी मधली सेवा, नव्हती, पण दुसऱ्या एका ठिकाणी हे काम करताना तिच्यावरच बराच वेळ गेला, म्हणून लिहितो. हे काम करणारा एनजिन्क्स पुढे ठेवलेला असेल तर मागच्या सर्व्हरकडून उत्तर येण्याची वाट तो आपणहून ६० सेकंदच पाहतो आणि एका विनंतीत १ एमबीपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही. मोठी फाइल चढवताना ती अडकते, वापरणारा “लॉगआउट झालो” असे सांगतो, आणि प्रत्यक्षात पडद्यावर ५०४ किंवा ४१३ असा आकडा आलेला असतो. म्हणून तक्रार करणाऱ्याला पडद्याचा फोटो जरूर मागावा. वेब पान जिवंत माहितीसाठी वेबसॉकेट ही सतत उघडी राहणारी जोडणी वापरत असेल, तर विनंतीसोबतची अपग्रेड आणि कनेक्शन ही दोन शीर्षके प्रॉक्सीने पुढे पाठवावी लागतात. ती नसतील तर पान “जोडणी तुटली” असे सांगत राहते.

याहून घातक गोष्ट म्हणजे प्रॉक्सीमागे नॅसला सगळी माणसे प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेली दिसतात. एकाने पाच वेळा चुकीचा पासवर्ड घातला की आपोआप अडवण्याची सोय तो एक पत्ता अडवते आणि सगळे कार्यालय बाहेर. प्रॉक्सीने मूळ पत्ता शीर्षकातून पुढे पाठवावा आणि नॅसमध्ये त्या प्रॉक्सीला विश्वासू म्हणून नोंदवावे, म्हणजे अडवला जातो तो चुकणाराच.

मग आकडा किती ठेवावा

इतर कारणे निस्तरल्यावरच या प्रश्नाला अर्थ येतो. सिनॉलॉजीत ही वेळ मिनिटांत घालायची असते आणि मुळात १५ असते. ट्रूनॅस या नॅसच्या दुसऱ्या प्रणालीत ती सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर अ‍ॅक्सेसच्या चौकटीत सेकंदांत घालायची असते आणि मुळात ३००, म्हणजे पाच मिनिटे असते. एका यंत्राची सवय दुसऱ्यावर नेली तर अर्ध्या तासाऐवजी अर्ध्या मिनिटाचा टाइमर लागतो आणि सेटिंगच्या पानावर पोहोचण्याआधीच बाहेर पडण्याची वेळ येते. तेव्हा आकडा घालण्यापूर्वी एकक वाचावे.

वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पच्या मार्गदर्शनानुसार निष्क्रियतेची मुदत जोखमीच्या कामासाठी २ ते ५ मिनिटे आणि कमी जोखमीच्या कामासाठी १५ ते ३० मिनिटे असावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या नियमावलीत ओळख पडताळणीच्या मधल्या पातळीसाठी ३० मिनिटे निष्क्रियता आणि एकूण १२ तास अशी मर्यादा दिली होती. या दोन्हींचा विचार करून मी ३० मिनिटांवर थांबलो. बहुतेक लहान नॅसमध्ये टाइमर सर्वांसाठी एकच असतो, प्रशासकाला वेगळा ठेवता येत नाही. म्हणून प्रशासकाचे खाते रोजच्या कामाला वापरूच नये आणि काम झाले की स्वतः लॉगआउट करावे. “साइन इन राहू द्या” ही खूण मुखपृष्ठांच्या सामायिक संगणकावर कोणीही करायची नाही, असे कार्यालयात सांगून ठेवले आहे.

टाइमर बरोबर असूनही कोणी लवकर बाहेर पडले, तर पार्श्वभूमीतला टॅबही तपासावा. काही पाने दर काही सेकंदांनी स्वतःहून विनंती पाठवून सेशन जागे ठेवतात. २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ८८ पासून पाच मिनिटे झाकून राहिलेल्या टॅबमधले असे टाइमर मिनिटाला एकदाच चालू दिले जातात, मेमरी सेव्हर तर अख्खा टॅब झोपवतो, आणि लॅपटॉप मिटल्यावर सगळेच थांबते. त्यामुळे “टॅब तर उघडाच होता” एवढ्यावरून सेशन जागे होते असे धरता येत नाही.

मोठ्या फायलींसाठी मात्र वेब पानाचा आग्रहच सोडलेला बरा. तीन-चारशे एमबीची छपाईची पीडीएफ ब्राउझरने चढवणे म्हणजे सेशन, टाइमर, टॅब आणि लाइन या चौघांनीही शेवटपर्यंत साथ द्यावी अशी अपेक्षा करणे आहे. नेटवर्क ड्राइव्ह ज्या पद्धतीने चालतो त्या एसएमबीचे सेशन वेगळे असते, त्याचा वेबच्या टाइमरशी संबंध नसतो आणि रिकामे राहून तुटले तरी विंडोज ते पुढच्या वापराला गुपचूप जोडून घेते. पण एसएमबीचा ४४५ हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये.

म्हणून शेवटी कार्यालयाच्या राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित बोगदा, बसवला, आणि खरे सांगायचे तर ते काम आधीच व्हायला हवे होते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसवर काय वेळ येते, हे २०२१ च्या एप्रिलमधील क्यूलॉकर आणि २०२२ च्या जानेवारीतील डेडबोल्ट या खंडणीखोर हल्ल्यांत क्यूनॅप कंपनीच्या नॅसच्या कितीतरी वापरकर्त्यांनी पाहिले. ही वेळ कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर येऊ शकते. वायरगार्डमध्ये प्रत्येक संगणकाला बोगद्याच्या आत एक स्थिर पत्ता मिळतो. बाहेरची लाइन बदलली, हॉटस्पॉटवर गेले, तरी आतला पत्ता तोच राहतो, त्यामुळे नॅसची आयपी तपासणी चालू ठेवूनही सेशन तुटत नाही. दोन्ही नॅस आपापल्या आतल्या पत्त्याने उघडतात, म्हणून कुकींची टक्करही मिटते. घरचा राउटर मध्ये असल्यामुळे जोडणी जागी ठेवण्यासाठी २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह लावला. ५००१ आणि ५००२ हे दोन्ही पोर्ट त्याच संध्याकाळी बंद केले.

हे बसवताना दोन अडचणी येण्याची शक्यता असते. कार्यालयाचा राउटर बाहेरचा पत्ता म्हणून १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने तरी सुरू होणारा आकडा दाखवत असेल, तर इंटरनेट कंपनी तो सामायिक पत्त्यामागे ठेवत आहे. तशा जागी बाहेरून आत येणारी जोडणी होणार नाही आणि कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागेल. दुसरी अडचण आम्हाला स्वतःलाच आली. कार्यालयातले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत आणि काकांच्या घरचेही तसेच. बोगदा जोडलेला असूनही त्यांचा संगणक नॅसला घरातच शोधत राहिला. कार्यालयाची पत्त्यांची मालिका १९२.१६८.४७ अशी बदलली, प्रिंटरचे पत्ते पुन्हा घातले आणि मग नॅस उघडला.

त्यानंतरही काकांच्या कागदावर दिवसाआड एक नोंद येत राहिली : “जेवायला उठलो होतो.” ती ३० मिनिटांच्या टाइमरची आहे आणि मी ती तशीच ठेवली आहे. आता ते पानावरून उठण्याआधी प्रत जतन करतात आणि जेवून आल्यावर पासवर्ड घालतात.